खापर एकट्या थायरॉईडवर नको!



पुढच्या खेपेला हळदीकुंकवाला किंवा भिशीला जमाल तेव्हा सहज विचारून बघा, "कुणाकुणाला थायरॉईड आहे हो?" एखादा तरी हात वर होईलच. बहुधा दोन-तीन होतील. मग सुरू होईल ती ठरलेली उजळणी. "माझं वजन बघा ना, काही खात नाही तरी वाढतंय!" "केस तर कंगव्याला मुठीनं येतात." "मला बाई सकाळी उठवतच नाही." सगळ्याजणी माना डोलावतील आणि शेवटी कुणीतरी उसासा टाकून म्हणेल, "काय करणार, थायरॉईड!" विषय तिथंच संपेल. चहाचे कप आत जातील.

मला आज तुमच्याशी बोलायचं आहे ते ह्या उसाशाबद्दल. एकदा थायरॉईडचं नाव मिळालं, की आपण बायका आपलं प्रत्येक दुखणं त्याच्या खात्यावर मांडून मोकळ्या होतो. घरचेही तेच करतात, आणि कधीकधी डॉक्टरही. पण त्याच्या आडोशाला दुसरंच काही दडलेलं असलं, तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. बाई मात्र झिजत जाते.

एका वहिनींची गोष्ट

आमच्या भिशीत एक वहिनी आहेत. वय चाळिशीच्या आतबाहेर. धाकट्याच्या बाळंतपणानंतर काही महिन्यांनी त्यांना थायरॉईडचं निदान झालं. ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. मग ७५ ची, मग १०० ची, मग १२५ ची. दर वेळी रक्त तपासावं, तर टी. एस. एच. चा आकडा वरच. हिमोग्लोबिन ८ च्या पुढं सरकेना. लोहाच्या गोळ्या घेऊन घेऊन बाई कंटाळल्या. पोट सारखं गच्च, मधूनच जुलाब. शाळेत शिकवून घरी आल्या की जिना चढताना मध्येच पायरीवर बसायच्या.

सासूबाई म्हणायच्या, "आम्ही नाही बाई असं भरदिवसा लोळलो कधी!" यजमान म्हणायचे, "थायरॉईड आहे ना, चालायचंच." शेवटी वहिनींनी शाळेचा राजीनामा लिहिला. दिला नव्हता अजून; पर्समध्ये घडी करून ठेवला होता.

त्या दिवसांत खोकल्याचं निमित्त होऊन त्या एका नव्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. बाईंनी सगळे जुने कागद चाळले आणि एक साधा प्रश्न विचारला, "गोळी केव्हा आणि कशी घेता?"

वहिनी म्हणाल्या, "सकाळचा चहा झाला की सगळ्या एकदम. थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची. एकदाचं उरकून टाकते."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. थायरॉईडची गोळी पोटात जात होती खरी, पण लोह आणि कॅल्शियम तिला अंगात मुरूच देत नव्हतं. गोळ्यांच्या वेळा बदलल्या. दोन महिन्यांनी आकडा उतरला, पण अर्धाच. थकवा तसाच, रक्त तितकंच कमी. तेव्हा डॉक्टरबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "पोळ्या खाल्ल्या की पोट फुगतं का हो?"

त्याचं उत्तर पुढं सांगते. आधी हे थायरॉईड प्रकरण काय आहे ते पाहू, म्हणजे उलगडा होईल.

घरचाच राखणदार उलटतो तेव्हा

गळ्यात ठुशी बसते ना, साधारण त्या जागी आत फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. तिच्यातून निघणारं संप्रेरक शरीराच्या चुलीची आच सांभाळतं. आच मंदावली की थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतं, कातडी कोरडी पडते, पाळीत रक्त जास्त जातं, उत्साह म्हणून राहत नाही. आच भडकली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम फुटतो, भरपूर खाऊनही वजन उतरतं.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ह्या चुलीवर लक्ष ठेवून असते. आच मंद झाली की ती हाका मारू लागते. त्या हाका म्हणजे टी. एस. एच. म्हणूनच ग्रंथी मंदावली की हा आकडा खाली न जाता वर जातो. साधारणपणे तो ०.४ ते ४ च्या आसपास असावा. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो.

आता ही आच मंदावते का? जिथं मिठातून पुरेसं आयोडीन मिळतं, तिथं ह्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारशक्तीचा घोटाळा. ह्याला स्वयंप्रतिकार विकार किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. दारावरच्या राखणदारानं चोर सोडून घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसा हा प्रकार.

१९१२ साली जपानमधल्या हाकारू हाशिमोतो ह्या तरुण शल्यचिकित्सकानं चार बायकांच्या वाढलेल्या थायरॉईड ग्रंथी तपासून त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ग्रंथीत एका जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली त्यांना दिसली. ही फौज तिथं का जमली, ह्याचं उत्तर पुढं चाळीसहून अधिक वर्षांनी मिळालं. १९५६ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक ह्या डॉक्टरबाई, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की अशा रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, असतात. ह्या आजाराला आज 'हाशिमोतो' ह्याच नावानं ओळखतात. ह्याच्या उलट, आच भडकवणारा जो 'ग्रेव्ह्ज' नावाचा आजार आहे, तोही असाच राखणदाराच्या घोटाळ्याचा.

हे दोन्ही आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी पटींनी जास्त दिसतात. आणि घोटाळा मुळात राखणदाराचा असल्यामुळं एका दारावर काठी उगारून तो थांबेलच असं नाही. कधीकधी तो शेजारच्या दारावरही जातो. २०१० साली ब्रिटनमधल्या तीन हजारांहून अधिक थायरॉईड-रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात हाशिमोतो असलेल्या १०० पैकी सुमारे १४ जणांना, तर ग्रेव्ह्ज असलेल्यांपैकी सुमारे १० जणांना आणखी एखादा ऑटोइम्यून आजार होता. म्हणजे घाबरून जाण्याचं कारण नाही, कारण बहुतेकींना दुसरं काहीही नसतं. पण दुर्लक्ष करण्याइतकाही हा आकडा लहान नाही.

सोबतीला कोण कोण येतं?

गोळी वेळेवर चालू आहे, टी. एस. एच. ताळ्यावर आहे आणि तरीही अंगात त्राण नाही, असं झालं तर पुढच्या खुणा स्वतःशी ताडून बघा.

सांधे : सकाळी उठल्यावर हाताच्या बोटांची मूठ वळत नाही, कणीक तिंबता येत नाही, आणि हा ताठरपणा अर्धा-पाऊण तास किंवा जास्त टिकतो. दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात. हा आमवात असू शकतो. त्या पाहणीत सर्वांत जास्त आढळलेला सोबती हाच. तो लवकर ओळखला तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

हातापायांना मुंग्या, जीभ लालबुंद, विसरभोळेपणा : बी-१२ जीवनसत्त्व कमी पडत असेल. आपण म्हणतो, "आम्ही शाकाहारी, कमी असणारच," आणि गोळ्या आणतो. पण काहीजणींत जठराच्या अस्तरावरच हल्ला झालेला असतो. मग खाल्लेलं बी-१२ शोषलं जात नाही. अशा वेळी इंजेक्शनं किंवा डॉक्टर ठरवतील त्या मोठ्या मात्रा लागतात. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, तोंडाला कोरड : घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, दात भराभर किडतात. अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करणारा एक आजार असतो, तो तपासायला हवा.

अंगावर पांढरे डाग, डोक्यावर चाई : कोड आणि चाई ही दोन्ही ह्याच कुळातली. कोड संसर्गानं पसरत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. घरात कुणी कप वेगळा ठेवत असेल, तर हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

सतत तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं : रक्तातली साखर बघा. लहानपणीच इन्शुलिन लागणारा जो मधुमेह आहे, तोही ऑटोइम्यूनच. त्या मुलांचं थायरॉईड अधूनमधून तपासत राहावं लागतं.

उभं राहताच डोळ्यांपुढं अंधारी, वजन उतरणं, खारट खावंसं वाटणं, आणि तळहाताच्या रेषा नि हिरड्या काळवंडणं : हा क्वचित आढळतो, पण ध्यानात ठेवा. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावल्याची ही लक्षणं असू शकतात. ह्या ग्रंथींचा आजार न ओळखता नुसती थायरॉईडची गोळी सुरू केली, तर प्रकृती एकदम ढासळू शकते. मंद थायरॉईडनं वजन सहसा वाढतं. तुमचं उतरत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

"म्हणजे आता ह्या सगळ्या तपासण्या करायच्या?" नाही हो! खूण दिसली तरच त्या दाराची तपासणी. उगीच पाच हजारांचं पॅकेज करून घरी कागदांचा गठ्ठा आणायचा आणि रात्रभर झोपायचं नाही, ह्यात काही शहाणपण नाही.

गहू, गिरणी आणि हिंग

आता वहिनींकडे वळू. पोळ्या खाल्ल्या की त्यांचं पोट खरोखरच फुगत असे. डॉक्टरबाईंनी रक्ताची एक तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला. निदान झालं सीलिअ‍ॅक आजाराचं. गहू आणि जव ह्यांत ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन असतं. हा आजार असलेल्यांनी ते खाल्लं की राखणदार लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतो. अस्तर झिजलं की लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं काहीच नीट शोषलं जात नाही, आणि थायरॉईडची गोळीसुद्धा नाही. वहिनींचं रक्त का वाढत नव्हतं आणि गोळी १२५ पर्यंत का गेली, ह्या दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच निघालं.

इथं एक सूचना. हे वाचून उद्यापासून गहू बंद करू नका! गहू आधी बंद केला, तर तपासणीत आजार दिसतच नाही. आधी तपासणी, मग पथ्य. आणि सीलिअ‍ॅक नसेल, तर नुसत्या थायरॉईडसाठी पोळी सोडण्याची गरज नाही.

पण निदान पक्कं झालं, तर मात्र गहू कायमचा आणि पूर्णपणे सुटतो. सणापुरतं चालेल, असं इथं नसतं. आपल्या महाराष्ट्रात हे तसं सोपं, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा ह्यांत ग्लुटेन नाही. उपासाचं सगळं ताट चालतं! अडचण येते ती लपलेल्या गव्हाची :

रवा, मैदा, शेवया, पाव, खारी, टोस्ट ही गव्हाचीच रूपं. खपली गहू पौष्टिक असेल, पण तोही गहूच. तो चालत नाही.

थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुधा गहू असतो. घरी गव्हाशिवाय करा. सातूचं पीठही टाळा.

डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचं बारीक अक्षर वाचून घ्या.

गिरणी ही सर्वांत मोठी फसवी जागा. आधीच्या बाईचे गहू दळले आणि त्याच जात्यात तुमची ज्वारी पडली, की पहिल्या पिठात गहू आलाच. वहिनींनी शेवटी दोघी-तिघींत मिळून घरघंटी घेतली. तीत गहू कधीच घालत नाहीत.

पोळपाट-लाटणं, परात, चाळणी आणि तवा ह्यांचा वेगळा संच ठेवा. कोडाच्या बाबतीत कप वेगळा ठेवणं चूक. पण इथं तवा वेगळा ठेवणं हेच औषध.

पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलं असेल, तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणं त्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये.

आणखी एक गोष्ट. पथ्यानं आतडं सुधारलं, की थायरॉईडची गोळी जास्त शोषली जाऊ लागते. मग जुनी मात्रा जड होऊन धडधड सुरू होऊ शकते. म्हणून पथ्य सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी टी. एस. एच. पुन्हा बघावाच लागतो.

गोळ्यांचं वेळापत्रक

१८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे ह्या डॉक्टरांनी एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचायला सुरुवात केली. पुढं ती तोच अर्क पोटात घेत ७४ वर्षांपर्यंत जगली. आज आपल्या हाती शुद्ध, मोजून तयार केलेली आणि परवडणारी गोळी आहे. तिची अट एकच : तिला पोटात थोडा एकांत हवा!

एकापेक्षा जास्त आजार असले की औषधांची गर्दी होते. त्यांची अशी रांग लावता येईल (डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या) :

सकाळी ६ वाजता : उठल्याबरोबर, साध्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी. चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको.

७ वाजता : चहा-नाश्ता. मध्ये अर्धा तास तरी जावा, एक तास गेला तर उत्तम.

दुपारी १ वाजता : जेवणाबरोबर कॅल्शियम.

संध्याकाळी ५ वाजता : लोहाची गोळी, लिंबाच्या सरबताबरोबर. तिच्या आगेमागे चहा नको.

मुख्य सूत्र असं, की थायरॉईडची गोळी आणि लोह, कॅल्शियम ह्यांच्यात ४ तासांचं अंतर हवं. आम्लपित्ताच्या औषधांनीही गोळीचं शोषण कमी होतं. तुम्ही ती घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सकाळी डबे, दूध, पाणी, मुलांची शाळा ह्या धांदलीत तासभर चहा न घेता राहणं जमत नसेल, तर रात्री झोपताना, जेवणानंतर किमान ३ तासांनी गोळी घेतली तरी चालते. फक्त मग रात्री कॅल्शियम आणि दूध नको. एकच वेळ ठरवा आणि तीच पाळा.

उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच. पाण्याच्या घोटानं उपास मोडत नाही. हरतालिकेचा निर्जळी उपास असेल, तर आदल्या रात्री झोपताना गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

एखादे दिवशी विसरलात, तर आठवल्याबरोबर घ्या. हे औषध अंगात हळूहळू ओसरतं, एका दिवसानं फारसं बिघडत नाही. पण "कालची आणि आजची" असा हिशेब मनानं करू नका.

गोळ्यांची बाटली शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. उष्णता आणि वाफ ह्यांनी गोळी बिघडते. कंपनी बदलली तर तेही डॉक्टरांना सांगा आणि काही आठवड्यांनी रक्त तपासा.

रक्त तपासायला जाताना

मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवडे थांबून मगच टी. एस. एच. बघायचा असतो. दर पंधरा दिवसांनी बघून काही कळत नाही. आकडा स्थिरावला की ६ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा पुरतं.

केस गळतात म्हणून आपण ज्या केसांच्या गोळ्या आणतो ना, त्यांत बायोटिन असतं. त्यानं तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. ग्रंथी मंद असताना ती भडकल्यासारखी दिसू शकते! तपासणीच्या निदान २ दिवस आधी ह्या गोळ्या बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

अँटिबॉडीची तपासणी निदानाच्या वेळी एकदा केली की पुरे. तो आकडा खाली आणण्यासाठी महागडे उपाय करत बसू नका. मात्रा ठरते ती टी. एस. एच. वर आणि तुमच्या तब्येतीवर.

आणि एक वही करा. शंभर पानी, साधी. पहिल्या पानावर सगळ्या आजारांची आणि औषधांची यादी, मात्रेसकट. पुढं तारीख, तपासणीचा आकडा, आणि तेव्हा तुम्हाला कसं वाटत होतं ते दोन ओळींत. सांध्यांचे डॉक्टर वेगळे, थायरॉईडचे वेगळे, कातडीचे वेगळे. प्रत्येकजण आपापलं दार बघतो. सगळी दारं एकत्र बघणारं माणूस घरात एकच असतं, ते म्हणजे तुम्ही. ही वही प्रत्येक डॉक्टरांपुढं उघडा. एखादे जुने, ओळखीचे डॉक्टर असतील तर सगळे धागे त्यांच्या हाती ठेवा.

इथं चूक परवडत नाही

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यानं जिवावर बेततं. वार ठरवा, भिंतीवरच्या कालनिर्णयावर तांबडी खूण करा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही. आधी डॉक्टरांशी बोला.

ग्रेव्ह्ज आजारासाठी कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला आणि घसा खूप दुखला, तर ते नेहमीचं पडसं समजू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित ह्या औषधानं त्या एकदम घटतात. ग्रेव्ह्जमध्ये डोळे बाहेर येऊ लागतात, आणि विडी-सिगारेटच्या धुरानं ते आणखी बिघडतात. यजमान ओढत असतील तर त्यांनाही हे कळू द्या.

स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नका. "आता बरं वाटतंय," हे कारण पुरेसं नाही. त्या हळूहळूच उतरवायच्या असतात.

शेजारणीला लागू पडलेला काढा, थायरॉईडसाठी म्हणून विकली जाणारी समुद्री शेवाळाची भुकटी, ह्यांच्या वाटेला जाऊ नका. जास्तीचं आयोडीन हाशिमोतोमध्ये उलट त्रास देऊ शकतं. रोजचं साधं आयोडीनयुक्त मीठ पुरेसं आहे. नुसतं सैंधव वापरलं तर मात्र आयोडीन कमी पडतं. कोबी-फ्लॉवरला घाबरण्याचं कारण नाही. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा.

लेकीसुनांसाठी

हे आजार घराण्यात फिरतात. आईला हाशिमोतो, मावशीला कोड, मामेबहिणीला आमवात, असं आढळतं. म्हणून लेकीला सांगा, लपवू नका. "तिच्या लग्नाला अडचण येईल," ह्या धास्तीनं किती आया आपल्या गोळ्या कपाटात दडवतात! पण मुलीला माहीतच नसलं, तर ती वेळेवर तपासणार कशी?

थायरॉईडची गोळी चालू असलेल्या सुनेची पाळी चुकली, की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवायचं. गरोदरपणात मात्रा बहुधा पाव ते एक-तृतीयांश वाढवावी लागते, आणि ती सुरुवातीलाच. बाळाचा मेंदू घडताना पहिले काही महिने आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतो. आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात बाई सारखी रडते, थकते, धडधड होते म्हणते, तर "नाटकं" म्हणू नका. त्या काळात थायरॉईड बिघडणं नेहमीचं आहे. काहींचं ते आपोआप सुधारतं, काहींचं कायम राहतं. रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही.

शेवटी थोडं मनातलं

ह्यांतले बहुतेक आजार मुळापासून बरे होत नाहीत, हे खरं. पण ते आटोक्यात राहतात आणि त्यांच्यासह चांगला संसार, नोकरी, प्रवास सगळं होतं. अट एवढीच, की आपलं दुखणं आपण आधी खरं मानलं पाहिजे. "बायकांचं असंच असतं" हे वाक्य आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो, पण मनातल्या मनात आपणच ते किती वेळा म्हणतो! घरात कुणाला ताप आला तर आपण रात्रभर उशाशी बसतो. स्वतःच्या थकव्याची वहीत दोन ओळी नोंद करायला काय हरकत आहे?

आमच्या वहिनींना पथ्य सुरू करून आता दीड वर्ष झालं. हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे. गोळी १२५ वरून ७५ वर आली. जिन्यात बसणं बंद झालं. सासूबाईंनी सुरुवातीला नाकं मुरडली, पण यंदाच्या गणपतीत त्यांनीच सांगितलं, "मोदक उकडीचेच करू गं, तुला चालतात ते." आणि हिंगाची डबी चष्मा लावून आधी त्याच वाचतात.

राजीनाम्याचा तो कागद वहिनींनी फाडला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गोळ्यांचं वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलाय. परवा भिशीला त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिघीजणींनी ते उतरवून घेतलं. तुम्हीही घ्या.